पावडरीविना गूळ आणि कुलूपबंद शोधनिबंध : कोल्हापुरातील एका वाचनालयाचे प्रकरण

कोल्हापूर शहरालगतच्या एका 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात, गुऱ्हाळे पेटण्याच्या तयारीच्या दिवसांत, करवीर तालुक्यातील एका गूळ उत्पादकाने केलेली मागणी हा या प्रकरण अभ्यासाचा विषय आहे. "मॅडम, पावडर न घालता पिवळाधमक गूळ कसा निघंल, त्याचं कुणीतरी संशोधन केलंय म्हणत्यात, ते कुठं लिवलेलं असलं तर काढून द्या की," एवढेच त्यांचे म्हणणे होते. कपाटातून पुस्तक काढून देण्याइतके हे काम सोपे नव्हते, हे ग्रंथपालबाईंच्या त्याच दिवशी लक्षात आले. ती मागणी पुरी करताना त्यांना ज्या वाटा धुंडाळाव्या लागल्या, त्यांतून ज्ञानाच्या मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे संशोधन कुणालाही पैसे न भरता वाचता यावे यासाठीच्या, जागतिक चळवळीत आपले गावोगावचे वाचनालय नेमके कुठे उभे आहे, हे स्पष्ट होते.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. वाचनालय, ग्रंथपाल, उत्पादक आणि संशोधक यांना नावे दिलेली नाहीत आणि घटनाक्रम अभ्यासाच्या सोयीसाठी एका सूत्रात बांधला आहे. उल्लेखिलेल्या संस्था, कायदे, योजना आणि आकडे मात्र जसे आहेत तसेच घेतले आहेत.

मागणीमागचा धंदा

काहिलीत, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईत, उसाचा रस तापू लागला की त्यातील मळी वर येते आणि ती काढून टाकण्यावर गुळाची प्रत ठरते. मळी नीट वर यावी म्हणून रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालण्याची जुनी पद्धत आहे. आंबटपणा मारण्यासाठी आणि ढेप घट्ट बसण्यासाठी चुना घालतात. याच्या जोडीला 'हायड्रॉस' या नावाने ओळखली जाणारी पावडर, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, वापरात आली. ती रसाचा रंग उडवते आणि गूळ पिवळा दिसतो. सौद्यात ढेप फोडून पाहताना व्यापाऱ्याची नजर आधी रंगाकडे जाते, त्यामुळे पावडर न वापरणाऱ्याचा लालसर गूळ चवीला सरस असूनही दरात मागे पडतो. पावडरीने आलेला पिवळेपणा साठवणुकीत टिकत नाही, हे उत्पादक आणि व्यापारी दोघांनाही ठाऊक असते. पण सौदा त्या दिवसापुरता असतो.

दुसरीकडे, गुळातील सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात ७० भागांपेक्षा अधिक असू नये असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि परदेशी खरेदीदार प्रयोगशाळेचा अहवाल मागतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून गुळाच्या व्यापाराला हक्काची पेठ दिली, त्या शहरात हा प्रश्न एका गुऱ्हाळापुरता राहत नाही. इथे कोल्हापूरचा जाणता वाचक लगेच विचारील की शहरातच ऊस व गूळ संशोधन केंद्र असताना हे उत्पादक दादा वाचनालयात का आले. ते केंद्रातही जाऊन आले होते आणि तिथला सल्ला त्यांनी मानलाही होता. त्यांना हवे होते ते वेगळे: वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या उसावर झालेले प्रयोग शेजारी शेजारी ठेवून पाहणे आणि आपल्या गटातील इतर गुऱ्हाळमालकांसमोर कागद ठेवून बोलणे. सल्ला ऐकता येतो, तपासता येत नाही. लिहिलेला प्रयोग तपासता येतो.

पहिला शोध आणि पहिला अडसर

ग्रंथपालबाईंनी संगणकावर घेतलेल्या पहिल्याच शोधात भेंडीचा चिकट रस आणि इतर वनस्पतिजन्य शुद्धीकारके यांच्यावरचे अनेक निबंध दिसले. त्यांपैकी सर्वांत नेमका वाटणारा निबंध एका आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या नियतकालिकात होता. सारांश वाचायला मिळाला. पुढे पाहायचे तर एका निबंधाचे मोल डॉलरमध्ये, रुपयांत धरले तर तीन हजारांच्या आसपास, भरायचे होते. वाचनालयाच्या खरेदीच्या तरतुदीत एवढ्या पैशांत बालविभागासाठी पुस्तकांचा एक लहान गठ्ठा येतो. निबंधाचे लेखक भारतीय होते, संस्था सरकारी कृषी संशोधनाची होती, प्रयोगासाठीचा पैसा सार्वजनिक होता आणि ऊसही इथल्याच मातीतला होता. तरीही ज्याच्यासाठी ते संशोधन झाले त्या माणसाला ते वाचायचे तर परक्या चलनात पैसे मोजावे लागत होते.

या अडसराचा इतिहास ग्रंथालयांनीच सर्वांत आधी अनुभवला. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांत संशोधन-नियतकालिकांच्या वर्गण्या महागाईच्या कितीतरी पुढे पळू लागल्या आणि विद्यापीठीय ग्रंथालयांना एकेक नियतकालिक बंद करावे लागले. जगातील अत्यंत श्रीमंत विद्यापीठांपैकी एक असलेल्या हार्वर्डच्या ग्रंथालयविषयक सल्लागार मंडळाने २०१२ मध्ये जाहीरपणे कळवले की काही मोठ्या प्रकाशकांच्या नियतकालिकांवर वर्षाला सुमारे ३७.५ लाख डॉलर खर्च होत असून ही व्यवस्था पुढे चालवणे परवडणारे नाही. लेखक मोबदला घेत नाही, परीक्षक मोबदला घेत नाही, आणि तरीही त्याच लेखकाच्या आणि परीक्षकाच्या संस्थेला तोच मजकूर विकत घ्यावा लागतो, ही विसंगती बिल भरणाऱ्या ग्रंथपालाला जितकी टोचली तितकी ती कित्येक वर्षे प्राध्यापकाला टोचली नाही, कारण प्राध्यापकाच्या टेबलावर ते बिल कधी आलेच नाही.

म्हणूनच मुक्त प्रवेशाच्या चळवळीची बरीचशी यंत्रसामग्री ग्रंथालयांनी उभारली. १४ फेब्रुवारी २००२ रोजी प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने या कल्पनेची व्याख्या केली. पण व्याख्येने निबंध सापडत नाही. निबंध साठवण्यासाठी 'डीस्पेस' ही मुक्त संगणकप्रणाली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या ग्रंथालयांनी एचपी कंपनीच्या साथीने २००२ मध्ये आणली आणि आज जगभरातील असंख्य संस्थात्मक भांडारे, म्हणजे संस्थांनी आपले संशोधन ऑनलाइन ठेवण्याच्या जागा, तिच्यावर चालतात. विश्वासार्ह मुक्त नियतकालिकांची डीओएजे ही सूची स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयांनी २००३ मध्ये सुरू केली, तेव्हा तिच्यात ३०० नियतकालिके होती. विखुरलेल्या भांडारांत एकाच वेळी शोध घेणारे 'बेस' हे साधन जर्मनीतील बीलेफेल्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे आहे. लॅटिन अमेरिकेने तर सायलो आणि रेडालिक या मुक्त नियतकालिकांच्या व्यासपीठांच्या रूपाने असा मार्ग घालून दिला की जिथे वाचकालाही पैसे पडत नाहीत आणि लेखकालाही सहसा नाहीत. खर्च विद्यापीठे आणि सरकारे उचलतात. माझ्या मते भारताने अनुकरण करण्याजोगा नमुना युरोपचा नसून हा आहे, कारण युरोपात बोकाळलेल्या पद्धतीत वाचकाचे कुलूप काढून ते लेखकाच्या दाराला लावले जाते. 'नेचर'ने २०२० मध्ये एका मुक्त निबंधासाठी ९,५०० युरो शुल्क जाहीर केले. राहुरीच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या संशोधकाने ते कुठून आणायचे?

देशाचा एकच सदस्यत्वाचा करार आणि वाचनालयाचा वाचक

ग्रंथपालबाईंना वाटले की एवढा मोठा अडसर सरकारने आता दूर केला आहे. 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली, त्यासाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली, आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली. योजनेची अंमलबजावणी विद्यापीठीय ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे. लहान गावातील सरकारी महाविद्यालयाला मोठ्या संस्थांच्या बरोबरीने वाचता यावे, हे या योजनेने खरोखर साधले आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु योजनेचा लाभार्थी विद्यार्थी, अध्यापक किंवा संशोधक असतो. सार्वजनिक वाचनालयाचा सभासद, मग तो गूळ उत्पादक असो, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत ओतकाम करणारा तंत्रज्ञ असो किंवा आजारी आईच्या औषधाविषयी वाचू पाहणारी मुलगी असो, तो या यादीत नाही. ज्याच्या करातून वर्गणी भरली जाते तोच वाचक दाराबाहेर राहतो. शिवाय करार संपला की प्रवेशही कराराच्या अटींप्रमाणे संपतो. ६,००० कोटी रुपये भाडे म्हणून जातात, त्यांतून घर उभे राहत नाही. तेवढ्याच गांभीर्याने देशातील प्रत्येक सार्वजनिक निधीच्या निबंधाची मुक्त प्रत भांडारात ठेवण्याची सक्ती झाली असती, तर तिसऱ्या वर्षाअखेरीस हातात काहीतरी कायमचे उरले असते. तशी धोरणे आपल्याकडे नाहीत असेही नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये आणि केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये मुक्त प्रवेशाची धोरणे जाहीर केली. परिषदेच्या धोरणानुसार स्वीकृत निबंधाचे अंतिम हस्तलिखित भांडारात जमा करायचे आणि प्रकाशकाची मनाईची मुदत, म्हणजे ते मोकळे न करण्याचा काळ, १२ महिन्यांपलीकडे जाऊ द्यायची नाही. अडचण पालनाची आहे. जमा न केल्यास काही बिघडत नाही, म्हणून जमा केले जात नाही.

करारबद्ध प्रवेश कुणाच्या ओळखीने मिळवण्याचा मोह या टप्प्यावर होता. विद्यापीठात शिकणाऱ्या भाच्याकडून निबंध उतरवून घेता आला असता. ग्रंथपालबाईंनी तसे केले नाही. एक तर ते कराराविरुद्ध ठरले असते. पण त्यांचे खरे कारण व्यवहाराचे होते. तशी मिळालेली प्रत एकाला वाचता येते. ती गटातील सगळ्यांना छापून देता येत नाही, वाचनालयाच्या नावाने कुठे ठेवता येत नाही आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या उत्पादकाने तेच विचारले की पुन्हा भाचा शोधावा लागतो.

मुक्त वाटांनी घेतलेला शोध

म्हणून शोध मुक्त भांडारांकडे वळला. कृषी परिषदेचे 'कृषिकोश' हे भांडार दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत चालते आणि त्यात देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध आहेत, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचेही आहेत. गूळनिर्मितीवरचे पदव्युत्तर प्रबंध इथे मिळाले आणि हीच या शोधातील सर्वांत मोलाची प्राप्ती ठरली. नियतकालिकातील निबंधात चार ओळींत आटोपलेली कृती प्रबंधात पानेच्या पाने असते: रस किती, भेंडीचा रस किती, कोणत्या तापमानाला घातला, मळी कितीदा काढली, काहील कधी उतरवली. संशोधकाच्या दृष्टीने प्रबंध दुय्यम आणि निबंध मुख्य असेल. गुळव्याच्या दृष्टीने क्रम नेमका उलटा आहे. 'शोधगंगा' या भांडाराचा उपयोगही इथे झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक केल्यानंतर इन्फ्लिबनेटने उभारलेल्या या संग्रहात आज लाखो प्रबंध आहेत आणि शिवाजी विद्यापीठाचेही आहेत. ते भरण्याचे रोजचे, कंटाळवाणे काम प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुणीतरी मान खाली घालून करत असते, हे इथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

अडचणी आल्या, त्या सांगितल्या पाहिजेत. जुने प्रबंध पानांची छायाचित्रे म्हणून चढवलेले असल्यामुळे आतील शब्दांवर शोध चालत नाही आणि शीर्षकावरूनच अंदाज बांधावा लागतो. शोधशब्द मराठीत टाकले तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. 'गूळ', 'भेंडी', 'मळी' हे शब्द ज्याच्या तोंडी आहेत त्याला त्यांचे इंग्रजी आणि वनस्पतिशास्त्रीय पर्याय माहीत असल्याशिवाय भांडाराचे दार उघडे असूनही आत जाता येत नाही. ग्रंथपालबाईंनी सुरुवातीला घरच्या भेंडीचे वनस्पतिशास्त्रीय नाव वापरले आणि रानभेंडीवरचे काम निसटले. दादांनी शेतातून आणलेली फांदी जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना दाखवल्यावर योग्य नाव मिळाले आणि शोधाची दिशा बदलली. मुक्त प्रवेशाच्या चर्चेत प्रश्न संपतो तो 'पैसे न भरता उघडते का' इथे. सार्वजनिक वाचनालयात तो तिथून सुरू होतो.

तिसरी अडचण विश्वासाची होती. मुक्त म्हणून मिळालेल्या निबंधांपैकी काही अशा नियतकालिकांत होते जी पैसे घेऊन काहीही छापतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची विश्वासार्ह नियतकालिकांची केअर यादी ही एक चाळणी होती, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. ग्रंथपालबाईंनी नियतकालिक डीओएजेच्या सूचीत आहे का, संपादक मंडळातील माणसे आपापल्या संस्थांच्या संकेतस्थळांवर सापडतात का, आणि निबंधातील कोष्टकांतल्या बेरजा जुळतात का, एवढे तपासून दोन निबंध बाजूला काढले. त्यांपैकी एकात भेंडीच्या रसाने गुळाचे उत्पादन जवळपास दुप्पट होते असे लिहिले होते. ते वाचून दादा हसले आणि म्हणाले की दुप्पट गूळ निघायला आधी दुप्पट ऊस घालावा लागतो.

कुलूप आतून कसे निघाले

पहिल्या शोधातला तो नेमका निबंध मात्र अजून बंदच होता. ग्रंथपालबाईंनी लेखकाला वाचनालयाच्या पत्त्यावरून साधे पत्र लिहिले: कोण विचारत आहे, कशासाठी विचारत आहे आणि मिळालेली प्रत कशी वापरली जाईल. लेखक दुसऱ्या राज्यातील संस्थेत होते. उत्तर लवकर आले आणि सोबत स्वीकृत हस्तलिखितही आले. एवढ्यावर बहुतेक ठिकाणी काम संपते. इथे ग्रंथपालबाईंनी एक पाऊल पुढे टाकले. प्रकाशकांच्या धोरणांची, शेर्पा रोमिओ या नावाने परिचित झालेली आणि ब्रिटनमधील जिस्क ही संस्था चालवत असलेली सूची त्यांनी पाहिली. त्या नियतकालिकाच्या लेखकाला मनाईची मुदत संपल्यावर स्वीकृत हस्तलिखित संस्थेच्या भांडारात ठेवण्याची मुभा होती आणि ती मुदत संपून गेलेली होती. त्यांनी हे लेखकाला कळवले आणि सरळ विनंती केली की प्रत वाचनालयाला मिळाली तशी सर्वांना मिळावी. लेखकाला ही मुभा माहीतच नव्हती. काही दिवसांत ते हस्तलिखित त्यांच्या संस्थेच्या भांडारात आले.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची घटना माझ्या मते हीच आहे. एका वाचकाची गरज भागवताना एका लहान वाचनालयाने, एक रुपयाही खर्च न करता, एक निबंध जगातल्या सगळ्यांसाठी मोकळा केला. जी धोरणे वरून आदेश देऊन संशोधकाला हलवू शकली नाहीत, ते काम वाचकाच्या पत्राने झाले, कारण आपले संशोधन कुणीतरी काहिलीजवळ उभे राहून वाचणार आहे हे कळल्यावर संशोधकाला ते भांडारात टाकण्याचे कष्ट वाटले नाहीत.

मराठी टिपण आणि परवान्याचा प्रश्न

सामग्री जमली ती सगळी इंग्रजीत होती. दादांच्या गटाला ती मराठीत हवी होती, आणि गुऱ्हाळाच्या मराठीत हवी होती. इथे परवान्यांचा बारकावा पुढे आला. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्यात केवळ श्रेयाची अट असते, त्याखालील निबंधाचे संपूर्ण भाषांतर करून छापता येते. ज्या परवान्यात रूपांतराला मनाई असते, त्याखालील निबंध फुकट वाचता आला तरी त्याचे भाषांतर वाटता येत नाही. लेखकाने भांडारात ठेवलेल्या हस्तलिखिताला तर असा कोणताही परवाना नव्हता. ते वाचण्यासाठी खुले होते, एवढेच. प्रबंधांचीही स्थिती बहुतांशी तीच होती. वाचायला मोकळे म्हणजे वापरायला मोकळे नव्हे, ही गोष्ट कार्यशाळांत सांगितली जाते; पण ती खरी समजते ती छापखान्याला मजकूर देण्याच्या आदल्या दिवशी.

ग्रंथपालबाईंनी भाषांतराचा विचार सोडून स्वतंत्र टिपण केले. प्रयोगांतून निघालेली माहिती कुणाच्या मालकीची नसते, मालकी असते ती मांडणीची. त्यामुळे प्रमाणे, तापमाने आणि निरीक्षणे आपल्या शब्दांत लिहून प्रत्येक ठिकाणी मूळ लेखकाचे श्रेय देण्यात अडचण नव्हती. शुद्धीकारक किती आणि केव्हा घालायचे, चुना जास्त झाला तर गूळ काळपट का होतो, पावडर वगळल्यास रंगात किती फरक अपेक्षित धरायचा, अशा क्रमाने चार पानांचे टिपण झाले. ते दादांनी आणि एका जुन्या गुळव्याने वाचून दोन ठिकाणी दुरुस्त केले. संशोधनातली मापे प्रयोगशाळेतल्या किलोंत होती. काहिलीच्या हिशेबात ती मांडल्यावरच कागद उपयोगाचा झाला. टिपण इतरांना छापता यावे, बदलता यावे आणि पुढे देता यावे अशा परवान्याखाली ठेवण्याचा प्रस्ताव मग कार्यकारी मंडळापुढे गेला.

मंडळाच्या बैठकीत

बैठकीत दोन बाजू पडल्या. एका सदस्याचे म्हणणे असे की वाचनालयाने वर्गणीदारांना पुस्तके आणि वृत्तपत्रे द्यावीत. ग्रंथालय संचालनालयाच्या तपासणीत दाखल नोंदी, वाचकसंख्या आणि देवघेव पाहिली जाते, गुळाचे टिपण कोणत्या रकान्यात बसवणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सार्वजनिक वाचनालयाचा कणा शासकीय अनुदान आहे, ते वर्गाप्रमाणे ठरते, आणि वर्ग ठरतो तो मोजता येणाऱ्या गोष्टींवर. शोधून दिलेला प्रबंध, लेखकाला लिहिलेले पत्र, मोकळा करून घेतलेला निबंध यांना आपल्या मोजदादीत जागाच नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथपालाने वेळ द्यावा, ही अपेक्षा किती दिवस पुरेल?

दुसऱ्या बाजूने अध्यक्षांनी कोल्हापूरचाच दाखला दिला. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची. भारतातील पहिला ग्रंथालय कायदा झाला तो कोल्हापूर संस्थानात, १९४५ मध्ये. मद्रासचा कायदा त्यानंतर १९४८ चा आणि महाराष्ट्राचा १९६७ चा. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणाऱ्या राजाच्या गावात, वाचनालय वर्गणीदारांपुरते असते असे म्हणणे शोभत नाही, असे ते म्हणाले. कोल्हापुरात कोणत्याही सभेत शाहू महाराजांचे नाव निघाले की विरोध मवाळ होतो. तरीही माझ्या मते प्रस्ताव मंजूर झाला तो त्या नावामुळे कमी आणि खजिनदारांनी मांडलेल्या हिशेबामुळे अधिक. टिपणाचा खर्च कागद आणि शाईपुरता होता, आणि ते नेण्याच्या निमित्ताने गटातील जे उत्पादक वाचनालयात पहिल्यांदाच आले त्यांपैकी काहींनी मुलांसाठी वर्गणी भरली होती.

त्याच बैठकीत आणखी एक विषय निघाला. वाचनालयाच्या पोटमाळ्यावर संस्थानकाळातील शेतीविषयक मराठी पत्रके आणि पुस्तिका बांधून ठेवलेल्या होत्या, त्यांत गुऱ्हाळाच्या चुलीच्या रचनेवरचीही माहिती होती. जगाचे ज्ञान आपल्याला मोकळे हवे असेल तर आपल्याकडचे आपण कोंडून ठेवता येणार नाही, असा मुद्दा ग्रंथपालबाईंनी मांडला. कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी, आणि शासकीय प्रकाशनांच्या बाबतीत प्रकाशनानंतर ६० वर्षांनी, हक्क संपतो. त्यामुळे त्यांतील जुनी शासकीय पत्रके स्कॅन करून सर्वांसाठी ठेवण्यास कायद्याची हरकत नव्हती. ज्या पुस्तकांचे हक्क अजून शाबूत आहेत, त्यांची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे, पण ती प्रत जगासमोर ठेवण्याची नाही. हा फरक न पाळता सरसकट स्कॅनिंग करणाऱ्या उत्साही मंडळींमुळे चळवळीचेच नुकसान होते, म्हणून मंडळाने आधी याद्या आणि मग स्कॅनिंग असा क्रम ठरवला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी कुठवर येते हे शहराने पाहिले आहे. पोटमाळ्यावर गठ्ठा आहे तोवर तो सुरक्षित आहे, असे मानण्याची चैन आता परवडणारी नाही.

काय साधले, काय राहिले

टिपणाप्रमाणे गटातील काही गुऱ्हाळांत पावडर पूर्ण वगळून काहिली काढण्यात आल्या. गुळाचा रंग सोनेरी तांबूस आला. पिवळाधमक आला नाही. सौद्यात त्याला नेहमीच्या व्यापाऱ्याने कमीच दर दिला, आणि प्रयोगशाळेचा अहवाल पाहून खरेदी करणाऱ्याने बरा दर दिला. म्हणजे ज्ञान मोकळे झाल्याने बाजाराची नजर बदलली नाही. वाचनालयाकडून तशी अपेक्षा करणे चूक ठरेल. परंतु मुक्त प्रवेशाची बाजू मांडताना माहिती पोहोचली की परिवर्तन घडते असे जे सहज म्हटले जाते, त्याला हे प्रकरण दुजोरा देत नाही.

संस्थात्मक पातळीवर उणीव अधिक ठळक आहे. विद्यापीठाचे ग्रंथालय आणि गावचे वाचनालय यांच्यात या संपूर्ण व्यवहारात कुठेही ठरलेला दुवा नव्हता. दोन्हींचे कायदे वेगळे, खाती वेगळी, अनुदाने वेगळी. राष्ट्रीय सदस्यत्वाच्या पुढच्या वाटाघाटीत जिल्ह्यातील निवडक सार्वजनिक ग्रंथालयांत बसून वाचण्याची सोय मागता येईल, आणि ती मागणी विद्यापीठांनी नव्हे तर ग्रंथालय संघांनी रेटली पाहिजे, कारण गरज त्यांच्या वाचकाची आहे. त्याहून सोपे आणि आजच करता येण्याजोगे काम म्हणजे वाचनालयाच्या वार्षिक अहवालात संदर्भसेवेचा एक रकाना वाढवणे: कोणी काय विचारले, काय मुक्त मिळाले, काय बंद होते आणि ते मोकळे होण्यासाठी काय केले. राज्यातील वाचनालयांकडून अशा नोंदी जमल्या तर सार्वजनिक निधीतून झालेले कोणते संशोधन लोकांना हवे असूनही मिळत नाही, याची अशी यादी तयार होईल जी आज कोणत्याही मंत्रालयाकडे नाही.

गटाने आता प्रत्येक काहिलीची नोंदवही ठेवायला सुरुवात केली आहे: उसाचे वाण, तोडणीनंतर गाळपाला लागलेला वेळ, भेंडीच्या रसाचे प्रमाण, उतरवतानाचे तापमान, ढेपेचा रंग आणि मिळालेला दर. ही माहिती कोणत्याही प्रबंधात नाही. ती कुठे ठेवायची हा प्रश्न त्यांनी पुन्हा वाचनालयातच आणला. सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेल्या झेनोडो या भांडारात कोणालाही विनामूल्य माहितीसंच ठेवता येतो आणि त्याला कायमचा क्रमांक मिळतो, हे ग्रंथपालबाईंनी त्यांना दाखवले. मात्र दर उघड करायचे की नाहीत यावर गटात एकमत झालेले नाही. काहींना भीती आहे की व्यापारीच ती नोंद आधी वाचतील. दरांचा रकाना वगळून बाकी नोंदी हंगामाअखेर जमा कराव्यात, असा ग्रंथपालबाईंचा सल्ला आहे आणि त्यावर गटाची बैठक व्हायची आहे.